मलावीला सेवेला जाताय? आधी पाहुणं व्हायला शिका

प्रभूमध्ये सलाम.

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्यातल्या तुमच्या मंडळीच्या गटाबरोबर तुम्ही जानेवारीच्या शेवटी तीन आठवड्यांसाठी आफ्रिकेतल्या मलावीला चालला आहात. राजधानी लिलाँग्वेपासून काही तासांवरच्या एका गावात मुलांचे बायबलवर्ग घ्यायचे आहेत आणि तिथल्या मंडळीच्या दवाखान्यात हाताखाली मदत करायची आहे. लसी, मच्छरदाणी, कपडे याबद्दल सगळे भरभरून सांगतात, पण आत्मिक तयारीचं विचारलं की "प्रार्थना करा" एवढंच उत्तर मिळतं. त्यात गेले काही महिने तुमची प्रार्थना कोरडी पडली आहे. "मीच रिकामा असेन तर त्या गरीब लोकांना देणार काय?" असं तुम्ही लिहिलंय. किती उपास करू, काय वाचू, रोज किती वेळ गुडघ्यावर राहू, हेही विचारलंय.

मी नर्स आहे. मिशन हॉस्पिटलात नोकरी केली, आणि गेली बरीच वर्षं आमच्या भागातल्या मंडळ्यांतून बाहेर सेवेला जाणाऱ्या गटांची तयारी करून घेते. अशा गटांबरोबर मलावीलाही राहून आले आहे. तेव्हा जे पाहिलं त्यावरून सांगते.

उपास किती आणि वाचन कोणतं हे आपण नंतर बघू. तुमचा खरा प्रश्न "देणार काय" हा आहे, आणि त्याच्या पोटात एक समजूत दडलेली आहे: तिथे उणीव आहे, म्हणून इथून कुणीतरी भरलेलं माणूस गेलं पाहिजे. पैशाच्या बाबतीत ते खरं आहे. मलावी जगातल्या अगदी गरीब देशांपैकी एक आहे. विश्वासाच्या बाबतीत मात्र ते मुळीच खरं नाही. २०१८ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास होती आणि त्यात तीन चतुर्थांशांहून जास्त लोक ख्रिस्ती होते. स्कॉटलंडचं लिव्हिंगस्टोनिया मिशन तिथल्या मलावी सरोवराकाठी आलं १८७५ मध्ये. चर्च ऑफ सेंट्रल आफ्रिका प्रेस्बिटेरियन ही तिथली मोठी मंडळी १९२४ मध्ये एकत्र आली, म्हणजे तिची शंभरी उलटून गेली. तुम्ही ज्या बाकावर बसाल तिथे शेजारच्या आजीच्या आईनेही प्रभुभोजन घेतलेलं असेल. रविवारची उपासना तीन तास सहज चालते. एका गायनमंडळाचं गाणं संपलं की दुसरं उठतं, मग बायकांच्या संघाचं, मग तरुणांचं. त्या लोकांचं तुमच्या कोरड्या प्रार्थनेवाचून काही अडलेलं नाही. ही गोष्ट मनावर घेतलीत तर तुमच्या छातीवरचं अर्धं ओझं आजच उतरेल.

आता परिस्थितीनुसार काय बदलतं तेही सांगून टाकते, कारण प्रत्येकाला एकच सल्ला लागू पडत नाही. तुम्ही तीन आठवड्यांसाठी चालला आहात. वर्ष-दोन वर्षांसाठी जाणाऱ्याला भाषा, एकटेपणा, लग्न-संसार यांची वेगळी तयारी लागते. घरात नुकताच कुणाचा मृत्यू झाला असेल किंवा तुम्ही नैराश्याची औषधं घेत असाल, तर आधी डॉक्टरांशी आणि पाळकांशी मोकळेपणाने बोला. जाणं पुढे ढकलण्यात अविश्वास नाही. गट तिथल्या मंडळीच्या बोलावण्यावरून जातोय की इथल्या कुणाच्या कल्पनेवरून, यानेही बराच फरक पडतो. बोलावणं नसेल तर मी सांगते त्यातलं निम्मं करता येणार नाही, म्हणून ते गटाच्या पुढाऱ्याला आजच विचारा. आणि व्हिसाच्या अर्जात जे काम करणार तेच लिहा. सेवेची सुरुवात खोट्या कागदाने करायची नाही.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक गटाला मी लूकचा दहावा अध्याय महिनाभर वाचायला लावते. येशू शिष्यांना दोघादोघांनी पाठवतो तो भाग. तो त्यांना काय न्यायला सांगतो ते वाचायला गेलं तर सगळी यादी काय न्यायचं नाही याचीच आहे. पिशवी नको, झोळी नको, वहाणा नकोत. ज्या घरात जाल तिथे शांती द्या, त्याच घरात राहा, ते जे वाढतील ते खा, या घरातून त्या घरात फिरू नका. आजारी बरे करा आणि राज्य जवळ आलं आहे हे सांगा, असंही तो म्हणतो, पण ते खाण्यानंतर येतं. ज्याला दुसऱ्याच्या ताटातलं खावं लागतं तो त्या घराचा उपकारकर्ता म्हणून आत शिरूच शकत नाही. मला वाटतं येशूने हे मुद्दाम केलं. शिष्यांकडे सामर्थ्य होतं, भुतंही त्यांचं ऐकत होती. अशा माणसांना पाहुणं करून पाठवलं नसतं तर त्यांच्या डोक्यात काय गेलं असतं याची कल्पना करा.

एलीयाचंही तसंच. दुष्काळात देवाने त्याला सीदोनातल्या सारफथ गावी पाठवलं, तेही एका विधवेच्या घरी, जिच्या मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडंसं तेल उरलं होतं. तिने त्याला जेवू घालावं म्हणून पाठवलं. पहिले राजे, अध्याय सतरावा. आपण हा उतारा नेहमी तेल न आटल्याच्या चमत्कारासाठी वाचतो. तो एकदा एलीयाच्या जागी बसून वाचा. उपाशी बाईकडे, तिच्या पोराच्या आधी, भाकर मागायची. संदेष्ट्याला ते किती जड गेलं असेल!

हे मी इतकं लांबण लावून का सांगते, तर तुम्ही जाताय तो महिनाच तसा आहे. मलावीत मका हेच मुख्य अन्न. पेरणी पहिल्या पावसावर, नोव्हेंबर-डिसेंबरात. काढणी एप्रिल-मे मध्ये. जानेवारी आणि फेब्रुवारी हे गेल्या वर्षीचा मका संपलेला आणि नवा अजून हिरवा, असे महिने. गावोगाव लोक दोन वेळांचं एक वेळ करतात. पावसाळा असल्याने मलेरियाही तेव्हाच जास्त. अशा दिवसांत तुम्ही पाहुणे म्हणून कुणाच्या अंगणात बसाल. घरातली मुलगी तांब्या आणि परात घेऊन येईल, तुमच्यासमोर गुडघ्यावर बसेल आणि तुमच्या हातांवर पाणी ओतेल. एकाचे हात झाले की दुसऱ्याचे. मग न्सिमा येईल, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, पांढरीशुभ्र, थापलेली. त्याबरोबर भोपळ्याच्या पाल्याची भाजी किंवा बोटभर लांबीचे सुके मासे, आणि तुमच्यासाठी म्हणून कोंबडी. घरातली मुलं दाराशी उभी राहून बघत असतील. ती तुमच्यानंतर जेवतील.

आमच्या गटातल्या एका मुलीने अशा वेळी हात आखडता घेतला. "मला भूक नाही, मुलांना द्या," असं ती दुभाष्याकरवी म्हणाली. तिच्या मनात दयाच होती. यजमानीण काही बोलली नाही, पण तिचा चेहरा उतरला. नंतर तिथल्या पाळकांनी आम्हाला समजावलं की ती कोंबडी त्या घराने ठरवून कापली होती, देवाच्या लोकांना जेवू घालण्याचा मान त्यांना हवा होता, आणि तो मान परत केला गेला. दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात मासेदोनियाच्या मंडळ्यांबद्दल हेच आहे. त्या अगदी दरिद्री होत्या, आणि देण्यात आपल्यालाही भाग मिळावा म्हणून त्यांनी पौलाकडे विनवण्या केल्या. पौलाने त्यांच्याकडून घेतलं. "तुम्हीच गरीब, तुमच्याकडून कसं घेऊ" असं तो म्हणाला नाही.

म्हणून घ्यायला शिकणं हा मी तयारीचा मोठा भाग मानते, आणि ते इथेच, पुण्यात सुरू करायचं. तुमच्या मंडळीत तुमच्याहून कमी मिळकतीचं कुणीतरी असेलच. चर्चची झाडलोट करणारे काका असतील, वस्तीतल्या खोलीत राहणारं एखादं कुटुंब असेल. त्यांनी बोलावलं तर जेवायला जा. बोलावत नसतील तर आधी ओळख वाढवा. जाताना मिठाईचा मोठा पुडा नेऊन हिशेब चुकता करू नका. बसा, वाढतील ते पोटभर खा, त्यांची प्रार्थना ऐका, आणि त्यांना सांगा की माझ्यासाठी प्रार्थना करा, मी मलावीला चाललोय आणि माझी प्रार्थना कोरडी पडली आहे. हे तुम्हाला अवघड जाणार. जितकं अवघड जाईल तितकी त्याची गरज आहे असं समजा.

आता आपल्या मराठी ख्रिस्ती माणसांबद्दल थोडं. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ मध्ये आलं. तेव्हापासून कितीतरी परदेशी माणसं सेवा करायला, बरं करायला, शिकवायला आपल्या घरांत येऊन गेली. तेव्हा गरीब देश आपला होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनने अन्न दिलं, अनाथ पोरं सांभाळली, त्याच काळात नगर भागात पुष्कळ लोकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि "पोटासाठी बाटले" हा शब्द आपल्या आज्या-पणज्यांच्या कपाळी कायमचा लागला. माझ्या घरात तो ऐकलेला आहे. ज्यांचा विश्वास खरा होता, ज्यांनी त्यासाठी गावकीचा बहिष्कार सोसला, त्यांनाही तो ऐकून घ्यावा लागला. तेव्हा अन्न आणि सुवार्ता एकमेकांत अडकली की काय होतं हे आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवण्याची गरज नाही. दवाखान्याच्या रांगेत औषध हातात ठेवण्याआधी प्रार्थनेला उभं करू नका. बायबलवर्गाला आलेल्या मुलालाच वही मिळेल, असं ठेवू नका. वह्या द्यायच्याच असतील तर तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या हाती सोपवा, ते सगळ्यांना वाटतील. मग ते मूल ख्रिस्ती असो, मुसलमान असो, वर्गाला आलेलं असो वा नसो. हा मुद्दा मी गटाकडून जाण्याआधी कबूल करून घेते, आणि यात सूट देत नाही.

जाण्याआधी घरातल्या किंवा मंडळीतल्या सर्वांत वयस्कर माणसाला भेटा. मिशनची माणसं कशी होती, ते विचारा. ज्यांची आठवण मायेने काढतात, ती का काढतात? आमच्या भागात मला जी उत्तरं मिळाली, त्यांत प्रवचनं क्वचितच आली. मराठी नीट शिकली, बाळंतपणात रात्रभर बसली, कुणाच्या मयताला चालत आली, आमच्या ओट्यावर बसून भाकरी खाल्ली. आणि ज्यांच्याबद्दल मन अजून कडू आहे, त्यांचं कारणही विचारा. बंगल्याच्या पायरीच्या वर घेतलं नाही, आम्हाला पोरांसारखं वागवलं. ही दोन्ही उत्तरं कागदावर लिहून बायबलात ठेवा. मलावीतल्या माणसाच्या डोळ्यांना तुम्ही कसे दिसाल, हे त्याच्यावरून चांगलं कळतं. तुम्ही गोरे नाही म्हणून सुटलात असं समजू नका. ब्लँटायर आणि लिलाँग्वेत भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यांची दुकानं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि गावातला माणूस तुम्हाला पाहून आधी तुमचा पैसाच पाहील.

आपला आणि त्या सरोवराचा संबंध आणखी एका वाटेने जुना आहे, आणि तो कळल्यावर माझी त्या देशासाठीची प्रार्थना बदलली. चुमा हा तिकडच्या याओ जमातीतला मुलगा. १८६१ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन हा स्कॉटिश मिशनरी-प्रवासी आणि त्याच्या सोबत्यांनी त्याला गुलामांच्या तांड्यातून सोडवलं, आणि १८६४ मध्ये तो लिव्हिंगस्टनबरोबर मुंबईला आला. तिथे मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे शिकला. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आणखी किती तरी आफ्रिकी मुलं नाशिकच्या शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतीत वाढली. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या प्रवासात सामील झाला. १ मे १८७३ ला लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारला. त्याचं काळीज तिथेच पुरलं तेव्हा प्रार्थना वाचली ती नाशिकला शिकलेल्या जेकबने. मग चुमा, लिव्हिंगस्टनचा दुसरा जुना सोबती सुसी आणि इतरांनी त्याचा देह महिनोन्‌महिने चालत समुद्रापर्यंत नेला. त्या नावाभोवती जी कीर्ती आहे, तिच्याखाली खांदा देणारी माणसं ही होती. मिशनच्या कथांत ती मागच्या ओळीत उभी असतात. तुम्ही तिथे पोचाल तेव्हा तुमचं सामान उचलणारा, तुमचं बोलणं चिचेवात, म्हणजे तिथल्या भाषेत, करून सांगणारा, तुम्हाला ताप आला तर रात्री मोटारसायकल शोधून आणणारा कुणीतरी असेल. त्याचं नाव पहिल्याच दिवशी नीट शिका, आणि परत आल्यावर साक्ष देताना ते नाव घ्या.

दुसरी गोष्ट १५ जानेवारीची. तो तिथे जॉन चिलेंब्वे यांचा दिवस म्हणून पाळतात, सुट्टी असते. तुम्ही पोचण्याच्या थोडेच दिवस आधी तो येतो. चिलेंब्वे बाप्टिस्ट पाळक होते. मगोमेरोच्या मळ्यावर मजुरांचे हाल होत, त्यांनी बांधलेली प्रार्थनाघरं तिथल्या गोऱ्या व्यवस्थापकाने जाळली, आणि १९१५ मध्ये चिलेंब्वेंनी उठाव केला, त्यात ते मारले गेले. तो मळा लिव्हिंगस्टनच्याच नातवंडांच्या घराण्याचा होता. त्या उठावात रक्त सांडलं, त्याबद्दल तिथल्या विश्वासू लोकांतही वेगवेगळी मतं ऐकायला मिळतात, आणि त्यात तुम्ही मत देऊ नका. पण हे माहीत असू द्या. ज्या देशासाठी प्रार्थना करायची त्याच्या दुःखाची नावंगावं ठाऊक नसतील तर प्रार्थना "हे प्रभू, मलावीला आशीर्वाद दे" याच्या पुढे सरकत नाही.

आता कोरड्या प्रार्थनेकडे येते. तुम्ही विचारलंत किती वेळ. मी म्हणेन, वेळ वाढवू नका, आहे तो टिकवा. सकाळी वीस मिनिटं बसता येत असेल तर वीसच. पण त्यात नवे शब्द शोधत बसू नका. दुसऱ्याचे शब्द उसने घ्या, त्यासाठीच स्तोत्रसंहिता आहे. तेरावं स्तोत्र आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र रोज मोठ्याने म्हणा. अठ्ठ्याऐंशीवं अंधारातच संपतं, त्यात शेवटी उजेड येत नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. तुमची कोरड त्यात मावेल. शिवाय ही स्तोत्रं तिथेही लागणार आहेत. दवाखान्यात तापाने फणफणलेलं मूल आईच्या पाठीला बांधलेलं येतं, मलेरियाच्या तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटतात, म्हणजे मलेरिया आहे, आणि तुम्हाला कळतं की ही बाई काल निघायला हवी होती, पण नदीला पाणी होतं. अशा वेळी तोंडातून "देवाची इच्छा" निघू देऊ नका. "इतक्या गरिबीतही किती आनंदी असतात हे लोक" असंही बोलू नका, घरी पाठवायच्या निरोपातही नको. ती आनंदी नसते, घाबरलेली असते. तिथे रडणं, देवाला जाब विचारणं, आणि तिची पिशवी उचलून तिच्याबरोबर चालणं एवढंच करता येतं. ज्याने घरी स्तोत्रांतून जाब विचारायची सवय केली नाही, तो तिथे एकतर दगड होतो किंवा दुसऱ्या दिवशी खोलीतून बाहेर पडत नाही. मी दोन्ही पाहिलं आहे.

प्रार्थनेत नावं येऊ द्या. यजमान मंडळीच्या पाळकांना पत्र लिहून विचारा, तुम्ही सध्या कशासाठी प्रार्थना करता आहात? उत्तर आलं की तोच विषय तुमच्या सकाळच्या वीस मिनिटांत घ्या. मला एकदा उत्तर आलं होतं: छपराचे पत्रे, एका वडीलजनांचा खोकला, आणि मुलींची शाळा सुटणं थांबावं. आम्ही जो विषय ठरवला होता, "त्या लोकांत जागृती यावी", तो आपोआप मागे पडला. चिचेवातली प्रभूची प्रार्थनाही पाठ करा. "आताते वाथू" अशी सुरू होते. उच्चार चुकले तरी चालतील. भर उपासनेत त्यांच्या आवाजात तुमचा आवाज मिसळतो तेव्हा कोरड्या माणसालाही आधार मिळतो, कारण तेव्हा प्रार्थना एकट्याने ओढायची नसते.

उपासाबद्दल. आठवड्यातून एक दिवस, एक जेवण सोडा, बस्स. मधुमेह असेल, औषधं चालू असतील, तर तेही नको. त्या जेवणाचे पैसे बाजूला ठेवा आणि जाताना तिथल्या मंडळीच्या दानपेटीत नाव न लिहिता टाका. भुकेचा हा अनुभव म्हणजे त्यांच्या भुकेचा अनुभव, असं मात्र मनात आणू नका. तुमचं पुढचं जेवण ठरलेलं असतं.

यापेक्षा जड तयारी दुसरीच आहे आणि ती फार कमी लोक करतात. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मजुरांच्या अडवलेल्या मजुरीचा आक्रोश देवाच्या कानी जातो असं आहे. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचा पगार किती आहे? सुट्टीचा पैसा कापता का? मलावीतल्या गरिबासाठी डोळ्यांत पाणी आणणाऱ्या माणसाने हा हिशेब आधी नीट केला पाहिजे. आणि ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याकडे जा. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात वेदीजवळचं अर्पण तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय, ते अगदी शब्दशः घ्या. हे यासाठीही सांगते की असे गट कोलमडतात ते बहुतेक वेळा आपापसांत. मलेरियाने कमी, भांडणाने जास्त. बादलीभर पाण्यात कुणी आधी आंघोळ करायची, प्रार्थना कुणी चालवायची, कुणाचा फोन चार्ज झाला, कोण उशिरा उठलं. चौथ्या-पाचव्या दिवशी थकवा आला की इथून नेलेले सगळे जुने सल बाहेर येतात, आणि गावातली माणसं ते बघत असतात. म्हणून निघण्याआधी गटाने एक संध्याकाळ एकत्र बसावं, एकमेकांची क्षमा मागावी. तोंडदेखलं "काही चुकलं असेल तर माफ करा" असं नको. काय चुकलं ते नाव घेऊन सांगायचं.

फोटो आणि शब्द देणं यावर मी फार लांबवत नाही. मत्तयाचा सहावा अध्याय वाचल्यावर उजव्या हाताचं दान डाव्या हाताने कॅमेऱ्यात टिपता येत नाही. मुलांचे फोटो आईबापांना आणि पाळकांना विचारल्याशिवाय काढू नका, आजारी माणसाचे तर विचारूनही नको. कुणी शाळेची फी मागेल, मोबाइल मागेल, "मला भारतात ने" म्हणेल. मन पाघळतं आणि माणूस "बघू या" म्हणून जातो. ते "बघू या" तिथे होकार म्हणून धरलं जातं आणि ती पोरगी वर्षभर वाट बघते. जे करू शकता तेवढंच बोला. मदत करायचीच असेल तर तिथल्या वडीलमंडळाला विचारून, त्यांच्या हातून.

हे सगळं निघेपर्यंतच्या तीन महिन्यांत कसं बसवायचं? पहिल्या महिन्यात लूकचं शुभवर्तमान हळूहळू, दहावा अध्याय पुन्हा पुन्हा, आणि ज्या घरी जेवायला जायचं ते घर ठरवा. पत्रही याच महिन्यात जाऊ द्या. दुसऱ्या महिन्यात घरचे हिशेब, समेट, म्हाताऱ्या माणसांच्या भेटी. तिसऱ्या महिन्यात वाचन कमी करा आणि झोप वाढवा, कारण थकलेला माणूस विमानात बसला की पहिला आठवडा चिडचिडीतच जातो. स्तोत्रं मात्र तीनही महिने रोज. यातलं एखादं राहून गेलं तर घाबरून जाणं रद्द करू नका. समेटाचं तेवढं राहू देऊ नका.

परतीचीही एक तयारी आत्ताच करून ठेवा. आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मॉलमध्ये, लग्नाच्या पंगतीत, टाकलेल्या अन्नाकडे बघून मनात राग दाटतो, आणि तो नेमका घरच्यांवर निघतो. आईने प्रेमाने केलेल्या पुरणपोळीवरून तिला भाषण ऐकवणारी मुलं मला ठाऊक आहेत. कुणीतरी एक समजूतदार माणूस आधी ठरवा, शक्यतो गटाबाहेरचा, ज्याच्याकडे महिनाभर दर आठवड्याला तासभर जाऊन बोलाल. मंडळीत साक्ष देण्याची घाई करू नका. पाळकांना सांगा की महिन्याने देतो.

तुमच्या पुढाऱ्याला हे वाचायला द्या. आणि तिकडच्या पाळकांना पत्र अजून गेलं नसेल तर याच आठवड्यात पाठवा. पावसाळा लागला की गावाकडची वीज आणि नेट दोन्ही वरचेवर जातं, उत्तर यायला दोन-तीन आठवडे लागतात. उत्तर आलं की त्यांनी प्रार्थनेचे कोणते विषय लिहिले ते मलाही कळवा, आमच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत ते घेऊ.